तीन दिवसांत अख्खा ब्लू रिज पार्कवे? होईल, पण करू नका

तुमचा प्रश्न असा आहे: शार्लटला राहता, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येतायत, हातात तीन दिवस आहेत. तेवढ्यात अख्खा ब्लू रिज पार्कवे, म्हणजे अमेरिकेतला हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता, होईल का, कुठं थांबायचं आणि कुठले ट्रेल सगळ्यांना झेपतील? आईंचे गुडघे दुखतात, बाबा अजून रोज पर्वती चढतात, मुलगी नऊ वर्षांची आहे.

होईल, पण करू नका. मी गेली 19 वर्षं उत्तर कॅरोलायनात राहतेय. दरवर्षी सात-आठ वेळा तरी या रस्त्यावर जाते, आणि महिन्यातला एक शनिवार स्वयंसेवक म्हणून तिथल्या पायवाटा दुरुस्त करायला देते. पहिल्या वर्षी माझी आई आली होती तेव्हा मीही हाच बेत केला होता. दोन दिवसांत सगळा रस्ता, व्हर्जिनियातल्या टोकापासून दक्षिण टोकाच्या चेरोकी गावापर्यंत. आईला नंतर विचारलं, काय आवडलं? तिला आठवत होती ती वळणं, मळमळ आणि ‘आता पुढच्या ठिकाणी थांबू’ हे माझं दिवसभर चाललेलं पालुपद. दुसऱ्या खेपेला तिला फक्त प्राइस लेकवर नेलं. पाण्याकाठी सतरंजी टाकून ती दोन तास बसली. त्या तळ्याबद्दल ती अजून बोलते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की तीन दिवसांत तीन तुकडे करा, प्रत्येकी 20 ते 60 मैलांचे. मधलं अंतर साध्या हायवेनं कापा. हा रस्ता मुळात गाडीतून उतरण्यासाठीच बांधलाय.

आधी आकडे सांगते, म्हणजे असं का म्हणते ते कळेल. लांबी 469 मैल, म्हणजे साधारण 755 किलोमीटर. वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी 45 मैल, काही ठिकाणी त्याहूनही कमी. वळणं, समोरचे सायकलवाले आणि रस्ता ओलांडणारे टर्की पक्षी धरले की सरासरी तीसच्या वर जात नाही. नुसतं चालवायलाच पंधरा तास लागतात, थांबे वेगळे. शिवाय रस्त्यावर एकही पेट्रोल पंप नाही. टपरी नाही, ढाबा नाही, होर्डिंग नाही. मालवाहू ट्रकना बंदी आहे. प्रवेश फी मात्र काहीच नाही.

रस्ता असा का आहे, हे आपल्या घाटांवरून पटकन समजतं. आपल्याकडे वरंध घ्या, ताम्हिणी घ्या, रस्ता डोंगर ओलांडायला चढतो आणि पलीकडे उतरतो. कारण त्याला कोकणात पोचायचं असतं. पार्कवेला कुठंच पोचायचं नाही. तो डोंगराच्या कण्यावरून चालतो, उत्तरेच्या शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानापासून दक्षिणेच्या ग्रेट स्मोकी माउंटन्सपर्यंत, आणि डावी-उजवीकडच्या दऱ्या दाखवत राहतो. 1930 च्या दशकातल्या महामंदीत हाताला काम द्यायचं म्हणून रूझवेल्ट सरकारनं हे काम काढलं. 11 सप्टेंबर 1935 ला कंबरलँड नॉबपाशी, व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनाच्या सीमेजवळ, सुरुवात झाली. आखणी स्टॅन्ली अॅबट या पंचविशीतल्या लँडस्केप आर्किटेक्टकडे होती. कुठल्या वळणावर झाडी उघडायची, कुठं कुरणाच्या कडेनं न्यायचं, कुठं दगडी कठडा घालायचा, हे सगळं ठरवून केलेलं आहे. शेवटचे साडेसात मैल अडकले आणि अख्खा रस्ता पुरा व्हायला 1987 साल उजाडलं. ते का अडकले, ते पहिल्या दिवशी प्रत्यक्ष बघालच.

पत्ते इथे माइलपोस्टनं सांगतात. रस्त्याकडेला बुटके खांब आहेत, उत्तरेच्या टोकाला शून्य आणि चेरोकीला 469. ‘क्रॅगी 364 ला’ म्हटलं की भागलं. फोनच्या नकाशावर विसंबू नका. एक तर बऱ्याच भागात रेंज नसते. दुसरं म्हणजे नकाशा सतत तुम्हाला ‘लवकर पोचायला’ पार्कवेवरून खाली उतरवायला बघतो. माइलपोस्टची यादी कागदावर लिहून मुलीच्या हातात द्या. नऊ वर्षांच्या मुलीला हे काम फार आवडतं आणि तिचं लक्ष बाहेर राहतं.

निघण्याआधी एक काम मात्र चुकवू नका. 27 सप्टेंबर 2024 ला हेलेन वादळ या डोंगरांवर कोसळलं. उत्तर कॅरोलायनाच्या भागात पन्नासहून जास्त ठिकाणी दरडी कोसळल्या, कुठं कुठं रस्त्याखालची जमीनच वाहून गेली, आणि काही काळ अख्खा पार्कवे बंद होता. दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं चालते आणि एखादा तुकडा मध्येच पुन्हा बंद होतो. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर माइलपोस्टप्रमाणे उघड्या आणि बंद भागांचा तक्ता असतो. निघायच्या आदल्या रात्री तो बघा, ट्रेलची स्थितीही बघा. बंद फाटक दिसलं तर वळसा घालून पायी आत जायचा मोह टाळा. वरून रस्ता धडधाकट दिसतो, खालून पोकळ झालेला असू शकतो. आमच्या स्वयंसेवकांनाही अशा जागी परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही.

आता पहिला दिवस. सकाळी सातला शार्लट सोडा, दोन तासांत ब्लोइंग रॉक. टाकी तिथेच भरून घ्या. माइलपोस्ट 294 ला मोझेस कोन मेमोरियल पार्क आहे. मोझेस कोन म्हणजे डेनिमचा राजा, ग्रीन्सबरोच्या कापडगिरण्यांचा मालक. त्यानं इथं पांढरा टोलेजंग बंगला बांधला आणि घोडागाड्या फिरवायला 25 मैलांचे रस्ते डोंगरात काढले. आज त्या रस्त्यांवर माणसं चालतात. घोड्याला दम लागू नये म्हणून चढ अगदी हलका ठेवलेला, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला यासारखी वाट नाही. आईंना बास लेकभोवती न्या. पाऊण मैलाहून थोडी जास्त, सपाट, पायाखाली बारीक खडी. मध्ये बाकं आहेत. तळ्याकाठून वर बघितलं की झाडांच्या वर तो बंगला दिसतो.

तिथून तीन मैलांवर प्राइस लेक. डबे इथं उघडा. पार्कवेवर शाकाहारी माणसाला विकत काही मिळेल या भरवशावर राहू नका. दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा असं घरचंच घेऊन या. टेबलं-बाकं भरपूर आहेत. फक्त खाणं संपलं की सगळं उचलून गाडीत ठेवा आणि गाडी बंद करा. या भागात काळी अस्वलं आहेत. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं, म्हणून टेबलावर सांडलेलं फरसाणसुद्धा वेचून घ्या. अस्वल दिसलंच तर निदान 50 यार्ड लांब राहायचं, म्हणजे साधारण क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांपेक्षा जास्त. फोटोसाठी मुलीला पुढे करू नका.

माइलपोस्ट 302.8, रफ रिज. अख्ख्या पार्कवेवरचा माझा सगळ्यात आवडता छोटा चढ. पार्किंगमधून दगडी पायऱ्या सुरू होतात, ओढ्यावरचा लाकडी पूल लागतो, आणि तिसरा हिस्सा मैल चढलं की झाडी संपून फळ्यांचा मार्ग येतो. एका बाजूला ग्रँडफादर माउंटनचे कडे, दुसरीकडे खाली पसरलेला पिडमाँटचा सपाट मुलूख. हवा स्वच्छ असेल तर फार लांबवर दिसतं. फळ्या घातल्यात त्या तुमच्या सोयीसाठी नाहीत. तिथं खडकाच्या फटीत वाढणारी बुटकी झुडपं इतकी नाजूक आहेत की माणसाच्या पायाखाली गेली की वर्षानुवर्षं परत येत नाहीत. फोटोसाठी कुंपणाबाहेरच्या खडकावर उतरणारी माणसं बघून मी दर खेपेला अस्वस्थ होते. तुम्ही उतरू नका. बाबांना हा चढ सहज जमेल. आईंना पहिल्या पुलापर्यंत न्या. पाण्याचा आवाज आणि रोडोडेंड्रनची सावली, तिथं बसायलाही छान वाटतं. दोघादोघांनी पाळीपाळीनं वर जा.

दीड मैलावर लिन कोव्ह व्हायाडक्ट हा पूल, माइलपोस्ट 304.4. याच पट्ट्यात अडकले ते साडेसात मैल. ग्रँडफादर माउंटनच्या अंगावर जुन्या, सैल पडलेल्या महाकाय दगडांची रास आहे. तिथं सुरुंग लावून रस्ता कापला असता तर डोंगराचा तो उतारच उद्ध्वस्त झाला असता. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी उत्तर निघालं ते असं की डोंगराला हातच लावायचा नाही, त्याच्या कडेनं रस्ता हवेत धरायचा. 1,243 फूट लांबीचा इंग्रजी एस आकाराचा पूल, 153 तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा सुमारे 50 टनांचा. तुकडे बाहेर ओतून आणले, आणि आधी बसवलेल्या तुकड्यावरूनच पुढचा तुकडा पुढे नेऊन लोंबता जोडला. जमिनीवर काम केलं ते फक्त सात खांबांच्या पायांसाठी. पूल 1983 ला तयार झाला, त्याला जोडणारे रस्ते व्हायला आणखी चार वर्षं गेली.

बहुतेक लोक पुलावरून गाडी नेतात, लांबून फोटो काढतात आणि जातात. तुम्ही दक्षिण टोकाच्या व्हिजिटर सेंटरपाशी गाडी लावा आणि पुलाखाली जाणारी वाट धरा. पाच-सात मिनिटांची आहे. खाली उभं राहून वर बघा. काँक्रीटचं पोट डोक्यावरून वळत जातं आणि दोन तुकड्यांमधल्या सांध्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. नीट बघितलंत तर लक्षात येईल की कुठलेच दोन तुकडे सारखे नाहीत. रस्ता एकाच वेळी वळतो, तिरपा होतो आणि चढतो, त्यामुळे 153 पैकी फक्त एक तुकडा सरळ चौकोनी निघाला. काँक्रीटचा रंगही बाजूच्या दगडांसारखा, कारण त्यात लोहाचा ऑक्साइड मिसळलाय. खांबाला अगदी खेटून शेवाळलेला खडक तसाच पडलाय, त्याच्या फटीत नेचे वाढतायत. बांधकाम इथून गेलं याची दुसरी खूण नाही. मी पहिल्यांदा तिथं उभी राहिले तेव्हा आपल्याकडच्या घाटातल्या कापलेल्या, लाल उघड्या दरडी डोळ्यासमोर आल्या. अभियंत्याला सक्त सांगितलं तर काय होऊ शकतं, ते इथं हातानं चाचपून बघता येतं.

दिवस उरला तर 305.2 ला बीकन हाइट्स, तिसरा हिस्सा मैल चढून उघडी कातळपाटी. संध्याकाळी तिथला खडक दिवसभराच्या उन्हानं कोमट असतो. पुढे 316 ला लिनव्हिल फॉल्स आहे. मोठा, देखणा धबधबा. पण हेलेनच्या पुरानं तो परिसर फार बिघडला, तेव्हा उघडा असल्याची खात्री करूनच जा. ग्रँडफादर माउंटनवरचा झुलता पूल वेगळ्या, ना-नफा संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिकीट बरंच आहे. मुलीचा हट्ट असेल तर जा, नाहीतर रफ रिजवर तोच डोंगर फुकट आणि जास्त चांगला दिसतो असं माझं मत आहे. मुक्काम ब्लोइंग रॉक किंवा बूनला. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार महिनेच्या महिने आधी भरतात. जमलं तर मंगळवार ते गुरुवार या.

पानांच्या रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचारायच्या आत सांगते, कारण दुसऱ्या आठवड्याची निवड चांगली आहे. लोक ‘पीक (म्हणजे रंगांचा ऐन बहर) कधी’ विचारतात, जणू सगळ्या डोंगराची एकच तारीख असते. रंग वरून खाली उतरतात. 5,000 फुटांच्या वर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मध्यापर्यंत, मधल्या उंचीवर त्यानंतर, आणि अॅशव्हिल शहरात, जे दोन हजार फुटांच्या आसपास आहे, महिन्याच्या अखेरीस. पार्कवे सतत चढतो-उतरतो, त्यामुळे एकाच दिवसात तुम्हाला उन्हाळा, ऐन रंग आणि पानगळ तिन्ही भेटतात. खाली हिरवं दिसलं म्हणून हिरमुसू नका, वर चढा. वर झाडं बोडकी झाली असतील तर हजार फूट खाली या. लाल भडक दिसतं ते मेपल आणि सोअरवुड, पिवळं ते बर्च आणि ट्युलिप पॉप्लर. ओक सगळ्यात शेवटी तांबूस होतात. आणि लांबचे डोंगर जे निळे दिसतात, ज्यावरून ब्लू रिज हे नाव पडलं, त्यातही या झाडांचाच हात आहे. ओकसारखी झाडं आयसोप्रीन नावाचं द्रव्य हवेत सोडतात, त्यातून बनणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे निळसर धुरकट पडदा पडतो.

दुसऱ्या दिवशी पार्कवेवरून जायचा हट्ट सोडा. ब्लोइंग रॉकहून खाली उतरून आय-40 या हायवेनं दोन तासांत अॅशव्हिल गाठा. माइलपोस्ट 382 ला फोक आर्ट सेंटर आहे, तिथं डोंगरातल्या कारागिरांच्या रजया, टोपल्या, मातीची भांडी बघायला मिळतात. आईंना आवडेल. आपल्याकडच्या गोधडीची आठवण येते, टाके वेगळे असले तरी. मग उत्तरेकडे वळून वर चढा. माइलपोस्ट 355 ला उजवीकडे फाटा फुटतो असा शोधू नका, अॅशव्हिलकडून येताना तो डाव्या हाताला आहे. तो माउंट मिचेलला नेतो.

6,684 फूट, म्हणजे 2,037 मीटर. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अख्ख्या अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. बाबांना सांगा, कळसूबाई 1,646 मीटर. फरक एवढाच की इथं शिड्या नाहीत, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि शेवटचा पाव मैल डांबरी चढ आहे. चढ आखूड पण खडा आहे. आईंना घाई न करता, थांबत थांबत जाऊ द्या. कोट आणि कानटोपी नक्की घ्या, शहरात टी-शर्टवर फिरत असाल तरी माथ्यावर बोचरा वारा असतो. ढग आला तर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, पण तासाभरात उघडतोही. थांबायची तयारी ठेवा.

माथ्यावरच्या मनोऱ्याशेजारी एक कबर आहे. ती प्राध्यापक एलिशा मिचेल यांची. 1835 मध्ये त्यांनी वायुभारमापक घेऊन या डोंगरांची उंची मोजली आणि हे शिखर सगळ्यात उंच असल्याचं सांगितलं. पुढे त्यांचाच जुना विद्यार्थी, टॉमस क्लिंगमन, म्हणाला की सर, तुम्ही मोजलंत ते शिखर वेगळंच. वाद पेटला. आपलं म्हणणं पडताळायला 1857 मध्ये साठी ओलांडलेले मिचेल एकटे परत वर आले आणि एका धबधब्यावरून पडून वारले. शोधायला गेलेल्यांत बिग टॉम विल्सन हा अस्वलांचा शिकारी होता. त्यानं माग काढत काढत त्यांचा देह शोधला. पुढच्या वर्षी त्यांना इथं माथ्यावर आणून पुरलं. क्लिंगमनचं नाव 2024 पर्यंत ज्याला होतं ते शिखरही (आता त्याचं नाव कुवोही) जवळच स्मोकी पर्वतात आहे, मिचेलपेक्षा जेमतेम 40 फूट बुटकं.

परतताना सूर्यास्ताच्या दीड तास आधी माइलपोस्ट 364 ला पोचा. क्रॅगी पिनॅकल. गाडी व्हिजिटर सेंटरपाशी नाही, बोगद्यापलीकडच्या क्रॅगी डोमच्या पार्किंगमध्ये लावायची. वाट पाऊण मैलाच्या आत, पण वाऱ्यानं पिळवटलेल्या बर्च झाडांमधून आणि रोडोडेंड्रनच्या बोगद्यांतून जाते. मुलीला तो भाग फार आवडेल. वर दोन जागा आहेत, खालची आणि वरची. वरच्या जागेवरून चारी दिशा मोकळ्या दिसतात. जूनच्या मध्याला हा सगळा उतार जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरतो, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा या. आईंनी पार्किंगमध्येच थांबलं तरी त्यांचं काही हुकत नाही, तिथूनच पश्चिमेकडे रांगांमागे रांगा दिसतात. घडीची खुर्ची आणि शाल न्या. सूर्य बुडाल्यावर अंधार पटकन होतो, उतरायला बॅटरी हवी. फोनच्या उजेडावर भागवू नका.

तिसरा दिवस सगळ्यात मोठा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात श्रीमंत. अॅशव्हिलमध्ये माइलपोस्ट 393 ला चढा आणि दक्षिणेला निघा. लवकर निघालात, सातच्या सुमारास, तर दऱ्या धुक्यानं भरलेल्या असतात आणि डोंगरमाथे बेटांसारखे वर निघालेले दिसतात. बोगदे एकामागून एक येतात. अख्ख्या रस्त्यावर 26 आहेत, त्यातले 25 उत्तर कॅरोलायनात. दिवे लावायला विसरू नका, आत सायकलवाला असू शकतो. बोगद्याच्या तोंडाचं दगडी काम बघा. बरंच काम परदेशातून आलेल्या पाथरवटांच्या हातचं आहे.

408 ला पिसगा इनमध्ये गरम कॉफी आणि स्वच्छतागृह. पुढचं स्वच्छतागृह 418.8 ला, ग्रेव्हयार्ड फील्ड्सला. नाव ऐकून दचकू नका. जुन्या काळी पडलेल्या झाडांच्या शेवाळलेल्या ढिगाऱ्यांनी कबरींसारखे उंचवटे दिसायचे म्हणून हे नाव. 1925 च्या वणव्यात ते सगळं जळून गेलं आणि माती इतकी भाजली की अजूनही तिथं पूर्ण जंगल आलेलं नाही. म्हणून दरी उघडी आहे, आणि म्हणूनच इथं रंग आधी चढतात. ब्लूबेरीची झुडपं ऑक्टोबरमध्ये रक्तासारखी लाल होतात. पार्किंगमधून लाकडी जिन्यानं खालचा धबधबा वीस मिनिटांवर. आईंना जिने उतरून परत चढायचे आहेत हे आधी सांगा, मग त्या ठरवतील.

420.2 ला वनखात्याचा छोटा रस्ता उजवीकडे वळतो, ब्लॅक बाल्समकडे. तीन दिवसांत एकच ट्रेल करायचा असेल तर हा करा. गाडी रस्त्याकडेला लागते. जिथं मनाईची पाटी नाही तिथं चारही चाकं डांबराबाहेर घ्या. सुरुवातीला स्प्रूस आणि फरच्या अंधाऱ्या राईतून वाट जाते, नाताळच्या झाडाचा वास येतो. दोनशे पावलांत राई संपते आणि तुम्ही एकदम गवतात येता. पुढे झाड नाही. नुसतं सोनेरी गवत, पांढरट खडकांचे पट्टे आणि वारा. अर्ध्या-पाऊण तासात 6,214 फुटांचा माथा. आपल्या रायरेश्वराच्या किंवा कासच्या पठारावर सप्टेंबरअखेर गेलेल्या माणसाला जे मोकळेपण वाटतं, ते मला या परदेशात फक्त इथं वाटतं. वाट पाण्यानं खणली गेलीय, कुठं कुठं गुडघाभर खोल चर आहेत. अशा चरांवर काम करताना मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हीही पाळा: चिखल आला तरी चिखलातूनच चालायचं. बूट वाचवायला गवतावरून गेलं की वाट रुंदावते, पुढचा पाऊस तेवढी माती घेऊन जातो. चांगले ट्रेकचे बूट घाला, नाहीतर जुने.

आई-बाबांपैकी कुणाला एवढं नको असेल तर 422.4 ला डेव्हिल्स कोर्टहाउस आहे. अर्धा मैल, फरसबंद पण खडा, वर चार राज्यं दिसतात. मला विचाराल तर गुडघ्यांसाठी हा ब्लॅक बाल्समपेक्षाही वाईट आहे, उतरताना फार भार येतो. आईंना 431.4 ला, रिचलँड बाल्सम ओव्हरलुकला, पाटीजवळ उभं करून फोटो काढा. 6,053 फूट, पार्कवेचा सर्वोच्च बिंदू, आणि तिथं पोचायला एक पाऊलही चढायचं नाही. आजूबाजूला करडे वठलेले बुंधे दिसतील. ते फ्रेझर फर. युरोपातून आलेल्या एका बारीक किड्यानं या उंचीवरची जुनी झाडं मारली. खाली नव्या रोपांची दाटी झालीय ती मात्र बघा.

व्हर्जिनियाचा अर्धा भाग मी मुद्दाम गाळला. शार्लटहून तो वेगळ्या सुट्टीचा विषय आहे. कधी वॉशिंग्टनकडून येणं झालं तर पीक्स ऑफ ऑटर ही शिखरं, 176 ची मॅब्री मिल ही पाणचक्की आणि 190 ची पकेट केबिन एवढं बघा. ते एका खोलीचं घर ओरलीना पकेट यांच्या नावानं ओळखलं जातं. स्वतःची 24 मुलं झाली, एकही जगलं नाही. पन्नाशीच्या सुमारास त्या सुईण झाल्या आणि हजाराहून जास्त बाळंतपणं केली. माझी आजी सुईण होती, म्हणून मी दर खेपेला त्या दारात जरा वेळ थांबते. त्या भागातली नागमोडी लाकडी कुंपणं चेस्टनटची आहेत. ही झाडं परदेशी बुरशीनं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास संपली, लाकूड मात्र अजून टिकून आहे.

तिसऱ्या दिवसाचा शेवटचा थांबा 451.2, वॉटररॉक नॉब. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सातच्या जरा आधी बुडतो, सहाला पोचा. पार्किंग दोन्ही बाजूंना उघडं आहे, आईंना गाडीतून न उतरताही सूर्यास्त दिसेल. माथ्यापर्यंतची वाट अर्ध्या मैलाहून थोडी जास्त, पण खडी आणि दगडांची. बाबा आणि मुलगी हौसेनं जातील, बॅटरी त्यांच्याकडे द्या. नंतर चेरोकीकडे पुढे जाऊ नका. आठ मैल मागे येऊन 443 ला बाल्सम गॅपपाशी हायवेला उतरा. तिथून शार्लट जवळजवळ तीन तासांवर आहे. वळणांचा दिवस झाल्यावर रात्री तेवढं चालवणं मला पटत नाही. वेन्सव्हिलला मुक्काम करा, पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सकाळी निघालात तरी दुपारच्या जेवणाला घरी असाल.